वीस हजारदा घातलेली पिन

“...आणि मोडेल तेव्हा यातलं काय मोडेल?” बाईंनी विचारलं.

“मोडणारच नाही, बाई,” तन्वीर मुलाणी म्हणाला.

बोलताना त्याची मान आपोआप ताठ झाली. तसं कारणही होतं.

तन्वीर पुण्याच्या ज्या कंपनीत होता, ती पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र बनवायची. तळहातात मावेल एवढंसं. कानात घालायच्या वायरीची पिन त्याला जोडायची, यंत्र आईच्या पोटावर टेकवायचं आणि ऐकायचं. वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या नर्स ते पिशवीत टाकून डोंगर चढत.

यंत्र चांगलं होतं. दगा द्यायचं ते पिन घालायचं सॉकेट. दिवसातून वीसदा पिन घालायची, वीसदा काढायची. वर्षभरात आतल्या स्प्रिंगपट्ट्या सैल पडत आणि ऐन वेळी कानात ठोक्यांऐवजी नुसती खरखर येई.

तन्वीरनं दीड वर्ष खपून नवं सॉकेट घडवलं. पट्ट्या कडक धातूच्या, वर सोन्याचा मुलामा. पिनही तितकीच कडक. चाचणीच्या मशिनवर ती पिन वीस हजार वेळा आत गेली, वीस हजार वेळा बाहेर आली. खरखर एकदाही नाही.

कंपनीत पेढे वाटले गेले, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पण तन्वीरला शाबासकी हवी होती ती एकाच माणसाची. म्हणून रविवारी सकाळीच तो एसटीनं साताऱ्याला, बाईंच्या घरी आला होता.

रत्नमाला कासार साताऱ्याच्या एका टेलिफोन कारखान्यात एकतीस वर्षं होत्या. त्यांच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय तिथून एकही फोन बाहेर पडत नसे. त्यांच्या नोकरीची शेवटची तीन वर्षं तन्वीर त्यांच्या हाताखाली शिकाऊ होता. पट्टी कुठवर वाकवली की परत येते आणि कुठून पुढं येत नाही, हे त्याच्या बोटांना तिथंच कळलं.

बाईंनी पिन सॉकेटात घातली. काढली. पुन्हा कानाशी धरून घातली. काम स्वच्छ झालंय, एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून एवढंही फार होतं. तन्वीर मनातून फुलला.

आणि मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मोडेल तेव्हा काय मोडेल?

त्यानं वीस हजारांचा आकडा सांगितला.

“मी आकडा विचारला नाही.”



बाईंनी टेबलाचा खण ओढला, कात्री काढली आणि यंत्राला जोडलेली वायर मधोमध कापली.

तन्वीर दचकला, पण लगेच हसला. वायरीचं काय एवढं, अशी वायर बामणोलीसारख्या आडगावच्या बाजारातसुद्धा मिळते, असं म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी खणातून हातोडी काढली आणि यंत्रावर उगारली.

तन्वीरचा हात मध्ये गेला. त्यानं घातला नव्हता, तो गेला.

हातोडी हवेतच थांबली.

“आता का हात घातलास?”

तो सांगू लागला. नर्सकडे यंत्र एकच असतं. ते बिघडलं की पुण्याला येतं, परत जायला तीन महिने लागतात. तोवर तिनं ऐकायचं कशानं...

“मघाशी नाही घातलास.”

बाईंनी हातोडी जागेवर ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या एसटीत तन्वीर धुमसत होता. दीड वर्षाच्या कामावर हातोडी उगारली, हे त्याला सहन होत नव्हतं. खंबाटकीचा घाट उतरता उतरता मात्र त्याला आपलं सॉकेट डोळ्यांपुढं स्वच्छ दिसलं. थकणार ती स्प्रिंगपट्टी. वीस हजारानंतर थकेल, चाळीस हजारानंतर थकेल, पण थकेल तीच. आणि ती त्यानं यंत्राच्या पोटात बसवली होती, जिथं नर्सचा हात पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पास झालेलं डिझाइन स्वतः मागं घेतलं.

नवं करायला आठ महिने लागले. सॉकेटात आता स्प्रिंग उरली नाही, नुसते जाड, कडक, न हलणारे पत्रे. स्प्रिंग गेली पिनेत, तीही मऊ. पाच हजार वेळा घातली की पिन सैल पडायची. मग ती वायर टाकून द्यायची, दुसरी जोडायची.

कागद पाहून साहेबांनी विचारलं, वीस हजारांच्या जागी पाच हजार लिहिताना लाज नाही वाटत?

नाही वाटत, तन्वीर म्हणाला. चाचणीच्या मशिनवर बारा पिना झिजल्या होत्या आणि सॉकेट एकच होतं, पहिल्या दिवशी बसवलेलं. साठ हजार झाले होते. मशीन अजून चालूच होतं. त्याची मान तेव्हाही ताठ होती.

पहिली यंत्रं जावळी तालुक्यात गेली. वर्षभरानं तन्वीर मुद्दाम तिकडं गेला आणि तिथल्या नर्स सकपाळ सिस्टरांबरोबर लाँचनं धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वस्तीवर पोचला. तिथं एका गरोदर बाईला तपासताना मध्येच खरखर सुरू झाली. सिस्टरांनी वायर उपटली, पिशवीतून दुसरी काढून खुपसली आणि ऐकू लागल्या. वर बघितलंसुद्धा नाही.

तन्वीर भिंतीला टेकून उभा होता. त्याचा ऊर भरून आला.

तिथून तो थेट साताऱ्याला गेला. सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांनी नवं सॉकेट बोटानं चाचपलं, दोनदा, तीनदा... मग शेजारच्या वहिनींना हाक मारून बोलावलं आणि हे यंत्र आमच्या तन्वीरनं केलंय, असं सांगितलं. आजवर त्यांनी कुणाबद्दल असं सांगितलेलं त्याला आठवत नव्हतं.

वहिनी गेल्यावर त्यानं राखून ठेवलेली गोष्ट काढली. या यंत्राला नाव द्यायचा मान कंपनीनं त्याला दिला होता. ते नाव प्रत्येक यंत्राच्या पाठीवर कोरलं जाणार होतं.

“मी तुमचं नाव दिलंय, बाई. रत्नमाला.”

बाईंनी यंत्र उलटं करून त्याची कोरी पाठ पाहिली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

“इथं नको,” त्या म्हणाल्या. “झिजणाऱ्या वायरीवर घाल.”