घड्याळाचे विसरलेले आकडे

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध तबलागुरू राहत होते. सारी पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणे. वय ऐंशीच्या घरात, पण तबल्यावर हात अजून स्वच्छ चाले. शिष्याने तालाचे नाव घ्यावे आणि गुरुजींनी त्यातल्या रचना एकामागून एक वाजवीत जाव्यात. समोर कागद कधी नसे.

मागच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले. तेव्हा शिष्यांनी मिळून त्यांना एक स्मार्टवॉच घेऊन दिले. ते नाडीचे ठोके मोजी, आणि माणूस पडला तर सुनेला आणि इतर घरच्यांना फोन लावी. बियाण्यांचा व्यापारी असलेला ज्येष्ठ शिष्य उपेंद्र याने ते गुरुजींच्या फोनला जोडून दिले. पासकोडचे आकडे मात्र गुरुजींनी स्वतः ठरवले आणि कोणालाही सांगितले नाहीत. मनगटावरून उतरले की घड्याळ आपोआप कुलूपबंद होई. त्यामुळे शिकवायला बसताना ते काढायचे, उठताना पुन्हा बांधायचे आणि आकडे दाबायचे, हा गुरुजींचा नित्यक्रमच झाला होता.

एके सकाळी शिकवणी संपल्यावर गुरुजींनी घड्याळ बांधले, आकडे दाबले. घड्याळ थरथरले, आकडे चुकले होते. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

“बोट घसरलं असेल गुरुजी,” उपेंद्र घाईघाईने म्हणाला.

“असेल,” गुरुजी म्हणाले. त्यांनी आणखी काही वेळा प्रयत्न केला. शेवटी घड्याळाने थोडा वेळ थांबण्याची सूचना दिली. गुरुजी त्या सूचनेकडे बराच वेळ पाहत राहिले.

गेले काही महिने उपेंद्र एक गोष्ट मनातल्या मनात दडपीत होता. शिकवताना गुरुजी मध्येच अडत. अडले की उपेंद्र चटकन पुढचे बोल जोरात वाजवी, म्हणजे बाकीच्यांच्या लक्षात येऊ नये. आणि आता हे. रोज दाबायचे आकडे माणूस कसा विसरेल?

“मी बघतो,” असे म्हणून तो घड्याळ आणि गुरुजींचा फोन दुकानात घेऊन गेला. गिऱ्हाइकांच्या मधल्या सवडीत त्याने गुरुजींचे जन्मसाल दाबले, मग लग्नाचे साल, मग तालांच्या मात्रा जोडून पाहिल्या. प्रत्येक चुकीनंतर घड्याळ आधीपेक्षा अधिक वेळ थांबायला लावी. संध्याकाळी तर त्याने आकडे घेणेच बंद केले. आता एकच वाट उरली होती: आतले सारे पुसून ते नव्याने सुरू करायचे.

उपेंद्रने ठरवले की गुपचूप पुसायचे, सोपे आकडे घालायचे आणि गुरुजींना सांगायचे, घड्याळच बिघडले होते. म्हाताऱ्या माणसाची लाज राखणे हा शिष्यधर्मच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पण दुसऱ्या दिवशी तो लवकर पोहोचला, तेव्हा गुरुजी आधीच शिष्यांसमोर येऊन बसले होते. उपेंद्रला पाहताच त्यांनी हात पुढे केला.

“उघडलं?”

“घड्याळातच बिघाड आहे, गुरुजी. मी आत बसून...”

“बिघाड घड्याळात नाही,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “मी आकडे विसरलोय. सगळ्यांनी ऐका, मी विसरलोय. उपेंद्र, जे काय करायचं ते इथेच कर.”

उपेंद्रने घड्याळ चार्जरवर ठेवले, बाजूचे बटण दाबून धरले आणि पुसण्याची आज्ञा दिली. पडदा काळा झाला. बऱ्याच वेळाने तो उजळला, तेव्हा घड्याळ दुकानातून आणल्यासारखे कोरे होते. त्याने फोन जवळ नेला. घड्याळाने आधी खात्याचा पासवर्ड मागितला. मालकी सिद्ध केल्याशिवाय ते कामाला लागणार नव्हते. पासवर्ड उपेंद्रला ठाऊक होता. हळूहळू बरेचसे परत आले: ठोक्यांच्या नोंदी, औषधांच्या वेळा, घरच्यांचे क्रमांक. घड्याळातून फोनकडे पोहोचले नव्हते तेवढे मात्र गेले.

“आता नवे आकडे घाला, गुरुजी,” उपेंद्रने घड्याळ पुढे केले.

गुरुजींनी ते हातात घेतले नाही.

“तू घाल. सूनबाईला सांग. मला सांगू नकोस.”

उपेंद्र चमकला. “गुरुजी, घड्याळ तुमचं आहे! रोज शिकवून उठताना आकडे दाबायला कोणाचं तोंड बघाल?”

“तुझं. तू नसलास तर सुनेचं.”

“पण लोक काय म्हणतील? गुरुजींना चार आकडे...”

गुरुजींनी त्याला जवळ बसवले.

“काल तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. अंदाजाने आकडे दाबलेस. प्रत्येक अंदाज चुकला आणि कुलूप अधिक घट्ट झालं. गेले काही महिने मीही तेच करतोय बाबा. बोल आठवला नाही की अंदाजाने काहीतरी वाजवतो, आणि तू ते झाकतोस. तुला वाटतं मला कळत नाही? तुझी माया कळते. पण त्या मायेपायी इथली पोरं चुकीचे बोल शिकताहेत.”

मग ते म्हणाले, “घड्याळ पुसलं तेव्हा परत काय आलं? जे वेळेवर दुसऱ्याच्या हवाली झालं होतं, तेवढंच. माझ्या गुरूंनी मला काही गती, तबल्याच्या त्यांच्या खास रचना, दिल्या होत्या. या मनगटाशिवाय त्या कुठेच नाहीत. तुमची तयारी होऊ दे, मग देईन, असं म्हणत मी त्या अडवून ठेवल्या. तयारी तुमची कमी नव्हती. माझा हात सुटत नव्हता. कुलूप माझं आहे म्हणून ते माझी गय करणार नाही. तेव्हा आता ज्याला जे देता येईल ते देऊन टाकतो. आकड्यांपासून सुरुवात केली, कारण ते सर्वांत सोपं होतं.”

उपेंद्र मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने डोळे पुसले, घड्याळात आकडे घातले आणि ते गुरुजींच्या मनगटावर बांधले.

“डॉक्टरांकडे जायला हवं, गुरुजी.”

“जाऊ की. तू बरोबर चल. काय काय विसरतो हे सांगायला मीच विसरेन.”

शिष्य हसले, गुरुजीही हसले. मग त्यांनी तबला पुढे ओढला आणि कोणीही कधी न ऐकलेली एक गत सुरू केली. अर्ध्यावर येऊन हात थांबला. त्यांनी काहीही बनवून वाजवले नाही. “इथे दोन बोल आहेत,” ते म्हणाले, “आज आठवत नाहीत. जागा मोकळी ठेवा.” आणि पुढचे वाजवू लागले.

सारे शिष्य ती गत उचलू लागले. त्या दोन बोलांच्या ठिकाणी प्रत्येकाचा हात उचललेलाच राहत होता.