पेठेतला पहिला रहिवासी

नव्या रेल्वे स्टेशनामागच्या माळावर पेठ वसवायची ठरली, तेव्हा दवंडी पिटली गेली होती: जो पहिला वस्तीला येईल, त्याला विहिरीजवळची कोपऱ्याची जागा कायमची मिळेल. शिवलिंगआप्पा शेटे बायको नीलाक्कासह गूळमिठाची पोती घेऊन आले आणि त्यांनी त्या कोपऱ्यावर दुकान मांडले. पुढे पेठ भरभराटली आणि तिच्याबरोबर मामलेदारांच्या मेहुण्याची, रंगरावांची, स्मरणशक्तीही. पहिले आपणच आलो होतो, असे त्यांना अचानक आठवले.

चावडीवर त्यांनी पाच साक्षीदार उभे केले. पाचही जण म्हणाले, "रंगराव आले ते आम्ही माळावरूनच पाहिलं. तेव्हा शेटे आलेच नव्हते."

मामलेदार प्रसन्न झाले. "आप्पा, तुमचा साक्षीदार?"

आप्पांनी मान खाली घातली. दुकान गेल्यातच जमा होते. नीलाक्काने पदर सावरला.

"आमचा कुणी नाही, साहेब. आम्ही आलो तेव्हा बघायला माळावर माणूसच नव्हतं. रंगरावांच्या आधी मात्र हे पाच जण हजर होते. म्हणजे रंगराव सहावे. जागा यांच्यातल्याच एकाला द्या."

साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिले.

"तसं म्हटलं तर मीच आधी आलो," एक जण म्हणाला.

"तू? माझी चूल पेटली तेव्हा तू होतास कुठं?"

बाचाबाची वाढली, तसे रंगराव ताडकन उठले. "साहेब, धादांत खोटं! यांच्यातलं कुणी तेव्हा माळावर नव्हतंच!"

"एवढं मात्र रंगराव खरं बोलले," नीलाक्का म्हणाली आणि दुकान उघडायला निघाली.