मिठाच्या राज्याने विकलेला शब्द

एका राज्यात मीठ पिकत असे. पश्चिमेस समुद्र, समुद्राकाठी मिठागरे, आणि मिठागरांवर पोसलेली प्रजा. शेजारी आठ राज्ये होती. कोणाकडे धान्य, कोणाकडे लोखंड, कोणाकडे सागवान. या नऊ राज्यांचा एक संघ होता. संघाचा करार ताम्रपटावर कोरलेला होता आणि त्याचा पहिला शब्द होता, 'आपण'.

मिठाच्या राज्याचा राजा भद्रकेतू. त्याचे गाऱ्हाणे होते, आणि ते खोटे नव्हते. संघसभेत त्याचे आसन दाराशी, वाऱ्यात. त्याच्या मिठाच्या गाड्या प्रत्येक नाक्यावर तीनदा तपासल्या जात. साधा प्रश्न मांडला तरी उत्तर तीन वर्षांनी येई. गाऱ्हाणे खरे असले म्हणजे त्यावरचा प्रत्येक उपाय खरा, असे मनुष्याला वाटू लागते. राजालाही तसेच वाटले.

अशा वेळी कर्कोट नावाचा मांत्रिक दरबारी आला.

"महाराज, आपण संघ सोडावा. अडचण एकच आहे. करारातला पहिला शब्द पायात घोटाळतो. तो मला विकावा."

"किंमत?"

मांत्रिकाने एक सुवर्णघट पुढे ठेवला. "यातले सोने कधी सरत नाही."

"एका शब्दाचे इतके?"

"लहान शब्द आहे, महाराज. गेल्याचे कोणाला कळणारही नाही."

राजाने ताम्रपटावर हात ठेवला आणि म्हटले, "आम्ही जातो." तो पहिला शब्द ताम्रपटावरून मुंगीसारखा खाली उतरला, चालत गेला आणि मांत्रिकाच्या लाकडी डबीत शिरला. कर्कोटाने झाकण लावले आणि तो निघून गेला.

तीन दिवस नगारे वाजले. चौथ्या दिवशी प्रधान वज्रधर दरबारात उभे राहिले. त्यांना राजाशी आदराने बोलायचे होते. ओठ हलले, आवाज आला नाही. शेवटी ते म्हणाले, "तुमची आज्ञा काय?"

"प्रधानजी, ही काय भाषा?"

"महाराज, जो शब्द विकला त्याला दोन अर्थ होते. एकाने माणूस दुसऱ्याला बरोबर घेई, दुसऱ्याने त्याला मान देई. दोन्ही गेले. आता कोणालाही तो उच्चारता येत नाही."

मग बाजार थांबला. विकणारा म्हणे, माझे ठरले. घेणारा म्हणे, माझे ठरले. दोघांचे मिळून काही ठरेना. राजाने घटातले सोने वाटले, पण ते कोणी घेईना. सोन्याला मोल येते ते दोघांनी एकत्र मानल्यामुळे, आणि एकत्र मानायचा शब्द डबीत होता. मिठागरांत मिठाचे डोंगर साचले. सीमेपलीकडे धान्याच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

याहून कठीण गोष्ट पुढेच होती. समुद्रकाठच्या प्रांताने म्हटले, "आम्हीही जातो." लगेच प्रांताच्या हद्दीवर पुरुषभर उंच निवडुंग उगवला. तोडला तर दुप्पट झाला. मग प्रांतातून गाव वेगळे झाले, गावातून आळी, आळीतून घर. जिथे कोणी वेगळे झाल्याचे बोलले तिथे निवडुंगाचे कुंपण उभे राहिले. ज्या न्यायाने राजा संघातून निघाला, त्याच न्यायाने प्रजा राज्यातून निघाली. तिला अडवण्याजोगे एकही वाक्य राजापाशी नव्हते.

सात महिने लोटले. एके सकाळी राणी सुव्रता पूजा आटोपून अंतःपुरात आली. तिचा पलंग आणि तिच्या तान्ह्या मुलीचा पाळणा यांच्यामध्ये फरशी फोडून निवडुंगाचा अंकुर आला होता.

दाई म्हणाली, "रोज हातभर वाढेल, राणीसाहेब. छत अकरा हातांवर आहे. तिथे टेकला की तुम्ही अलीकडे, लेकरू पलीकडे, जन्मभर."

राणीने मुलीला दाईच्या ओटीत दिले, देवापुढे माथा टेकला आणि ती निघाली.

नगराच्या वेशीवर एक साळुंकी बसली होती. ही पूर्वी संघसभेच्या कौलात राहत असे. ती म्हणाली, "शब्द शोधायला निघालीस ना? मुंगीच्या चालीने गेला तो. मी पाहिला. समुद्रातल्या काळ्या खडकावर आहे."

"इतके दिवस सांगितले का नाहीस?"

"विचारले कोणी? सगळे स्वतःशीच बोलत होते."

राणी कुंपणामागून कुंपणे ओलांडत गेली. अंगात काटे मोडले. तिने ते काढायला वेळ दवडला नाही. दुसऱ्या दिवशी ती काळ्या खडकावर पोहोचली. कर्कोट डबी मांडीवर घेऊन बसला होता.

तो म्हणाला, "विकलेली वस्तू परत मागणाऱ्याला तीन कामे सांगावी, असा मंत्राचा नियम आहे. एक, वेगळ्या झालेल्या दोघांनी मिळून वळलेला दोर. दोन, सीमेपलीकडच्या पिठाची आणि अलीकडच्या मिठाची भाकरी. विकत घेतलेली नको. तीन, ज्याने शब्द विकला त्याच्या तोंडचे एक वाक्य, जे तो जन्मात बोललेला नाही."

"आणते," राणी म्हणाली.

"सगळ्यांनी तसेच म्हटले असते," मांत्रिक म्हणाला, "पण 'सगळे' म्हणावे असे आता कोणी उरले नाही."

किनाऱ्यावर गोंदाजी आणि भिवाजी हे दोघे भाऊ दोर वळत असत. आता त्यांच्या अंगणातून कुंपण गेले होते. थोरल्या गोंदाजीकडे अंबाडीचा वाक, म्हणजे दोराचे तंतू, राहिला होता, धाकट्या भिवाजीकडे पीळ देण्याचा रहाट. दोघेही रिकामे बसून होते.

राणीने दोर मागितला. गोंदाजी म्हणाला, "त्याला सांगा, रहाट माझ्या बापाचा आहे."

कुंपणापलीकडून भिवाजी म्हणाला, "त्याला सांगा, बाप माझाही होता. आणि जाताना त्याने रहाटाकडे पाहिले, थोरल्याकडे नाही."

"त्याला सांगा, बापाला शेवटी दिसत नव्हते."

राणीने उपदेश केला नाही. ती कुंपणातून पलीकडे गेली आणि रहाटाशी बसली. वाकाचे टोक काट्यांतून ओढून घेतले आणि रहाट उलटा फिरवला. दोर वळण्याऐवजी उकलू लागला. गोंदाजीने थोडा वेळ पाहिले. त्याला ते सोसेना.

"बाई, उजवीकडे. उजवीकडे. अंबाडीचा जीव घेता काय?"

राणी म्हणाली, "मला जमत नाही."

"जमणार नाहीच. राण्यांचे काम नव्हे ते. भिवा, बसून काय पाहतोस? हाताला ताण दे."

"तू वाक सारखा सोड, मग मी ताण देतो. तुझा हात कधी सारखा चालला आहे?"

"चाळीस वर्षे चालला आहे. तू पाळण्यात होतास."

असे भांडत भांडत, कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून, त्यांनी वीस हात दोर वळला. दोर उत्तम झाला होता. गोंदाजीने त्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा कुंपणातून भावाकडे पाहून विचारले, "जेवलास का?" कुंपण गेले नाही, परंतु त्या जागी ते गुडघ्याइतके खाली आले. राणीने दोर खांद्यावर टाकला. तो पाचवा दिवस होता.

सहाव्या दिवशी ती सीमेवर आली. तिच्या झोळीत मीठ होते. कुंपणापलीकडे शेजारच्या धान्यराज्याचा नाकेदार हैबती पहारा देत होता. त्याने वाकून विचारले, "आपण कोण?"

राणीच्या डोळ्यांत पाणी आले.

"काही चुकले का माझे?"

"नाही. सात महिन्यांत मला कोणी असे विचारले नव्हते." मग तिने पीठ मागितले.

हैबतीने मान हलवली. "करार मोडला आहे. इकडची वस्तू तिकडे विकता येत नाही, तिकडची इकडे घेता येत नाही. मी काय करू? सात महिने आमच्याकडेही सगळे अळणी आहे. लोणचे घालता येत नाही, मासळी टिकत नाही, गुरे भिंती चाटतात. वरून आज्ञा अशी की अळणी अन्न गोड मानून खावे."

"विक्री बंद आहे. पंगतीला बसणे बंद आहे का?"

नाकेदार विचारात पडला. नियमांची सगळी पाने त्याला पाठ होती. त्याने ती मनातल्या मनात उलटली. "पंगतीबद्दल काही लिहिलेले नाही," तो सावकाश म्हणाला.

"मग मी जेवायला बसते. तुमचे पीठ, माझे मीठ."

हैबतीच्या बायकोने ज्वारीचे पीठ मळले, काट्यांतून आलेले मीठ त्यात घातले आणि भाकऱ्या भाजल्या. कुंपणाच्या दोन बाजूंना दोन पाने मांडली. हैबतीने पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा तुकडा मोडला. मग म्हणाला, "आमच्या राजालाही कोणीतरी असे जेवू घातले पाहिजे." राणीने एक भाकरी झोळीत ठेवली.

नवव्या दिवशी ती राजवाड्यात परतली. अंतःपुरातला निवडुंग छताच्या जवळ पोहोचला होता. काट्यांपलीकडून मुलीचे रडणे ऐकू येत होते. राणी दाराशी क्षणभर थांबली आणि सभागृहात गेली. भद्रकेतू सिंहासनावर बसला होता. सिंहासनाभोवती कुंपण होते, मांडीवर सुवर्णघट होता, सभागृहात दुसरे कोणी नव्हते.

राणीने सगळे सांगितले. राजा म्हणाला, "जन्मात न बोललेले वाक्य? सोपे आहे. आम्ही हरलो."

कुंपण तसेच राहिले.

"आम्ही क्षमा मागतो." कुंपण वीतभर वाढले. "आम्ही चुकलो. आता आणखी काय हवे?" कुंपण राजाच्या छातीशी आले.

राणी म्हणाली, "या 'आम्ही'त कोण कोण आहे?"

"राजे स्वतःला असेच म्हणतात."

"म्हणूनच विचारते. शब्द विकताना प्रधान होते का? मी होते का? मीठ उपसणारी माणसे होती का?"

"नव्हती."

"मग चुकीच्या वेळी त्यांना कशाला बोलावता?"

काटे राजाच्या गळ्याला टेकले. सिंहासनावर बसल्या दिवसापासून त्याने एक लहान शब्द कधी वापरला नव्हता. तो आता जिभेवर येताना त्याला जड वाटला. परमेश्वरापुढे मनुष्याला याच शब्दाने उभे राहावे लागते. सिंहासनावर बसलेल्याला ते फार उशिरा कळते.

"मी चुकलो," भद्रकेतू म्हणाला. "गाऱ्हाणे खरे होते. उपाय माझा होता, आणि तो खोटा होता."

कुंपण गळ्याहून उतरून जमिनीला टेकले. वेशीवरून राणीमागे आलेल्या साळुंकीने ते शब्द राजाच्याच आवाजात तीनदा म्हणून पाहिले आणि राणीच्या खांद्यावर बसली.

अकराव्या दिवशी सूर्य कलताना राणी काळ्या खडकावर आली. तिने दोर ठेवला, भाकरी ठेवली. साळुंकीने राजाच्या आवाजात वाक्य उच्चारले. कर्कोटाचा चेहरा उतरला. नियमाप्रमाणे त्याने डबी उघडली. शब्द तळाशी मेल्या मुंगीसारखा पडला होता.

"मोकळा केला," मांत्रिक म्हणाला. "पण उच्चारल्याशिवाय तो जिवंत होत नाही. आणि ज्याला त्यात घ्यायचे तो समोर असावा लागतो. पाखरू चालत नाही, माणूस हवा. इथे माणूस मी एकटा आहे." तो हसला. "मला त्या शब्दात आजवर कोणी घेतले नाही. माझ्या गावाने नाही, माझ्या आईबापांनी नाही. तू घेशील?"

सूर्य पाण्याला टेकत होता. तिकडे अंकुराला छत बोटभर उरले होते. राणीने समोरच्या माणसाकडे पाहिले. याने तिचे राज्य तुकडे तुकडे केले होते. त्याला खडकावरून लोटून द्यावे इतका राग तिच्या हातात होता. तिने डोळे मिटले आणि ईश्वराचे नाव घेतले. त्या नावाला कोणी परका नसतो, हे ती रोज पूजेत म्हणत आली होती. आज ते खरे करायचे होते.

तिने हात पुढे केला. "कर्कोटजी, उठावे. आपण घरी जाऊ."

शब्द डबीतून उठला.

मांत्रिक हातातल्या हाताकडे पाहत राहिला. "मला धरून म्हणालात?"

"त्या शब्दात कोणाला वगळता येत नाही. वगळले तर तो तो शब्द राहत नाही."

कर्कोट रडू लागला, आणि त्याचे मंत्र त्याच्या अश्रूंबरोबर समुद्रात वाहून गेले. किनाऱ्यापासून राजधानीपर्यंत कुंपणे एकामागून एक जमिनीत उतरली. घरे आळ्यांना मिळाली, आळ्या गावांना, गावे प्रांतांना. सुवर्णघटातले सोने वाळू झाले; बाजार त्याच संध्याकाळी उघडला होता, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. राणी परतली तेव्हा अंतःपुरातली फरशी सांधलेली होती. तिने मुलीला उचलून घेतले आणि ती निजेपर्यंत खाली ठेवले नाही.

मग भद्रकेतू मिठाच्या शंभर गाड्या घेऊन संघसभेला गेला. तो दाराशी, वाऱ्यात बसला. धान्यराज्याचा वृद्ध राजा सभापती होता. तो म्हणाला, "आपण गेलात तेव्हा आम्हाला वाटले, एक आसन रिकामे झाले. सात महिने अळणी जेवल्यावर कळले की काय रिकामे झाले. आपले गाऱ्हाणे आम्ही ऐकले नाही, हा दोष आमचा."

भद्रकेतू म्हणाला, "तो दोष आपण वाटून घेऊ. बाकीचा माझा आहे."

जे तीन वर्षांत ठरत नव्हते ते त्या एका दुपारी ठरले. गाड्यांची तपासणी एकदाच व्हावी. प्रश्नाचे उत्तर महिन्यात मिळावे. दाराशी प्रत्येक राजाने पाळीपाळीने बसावे, म्हणजे वारा कसा लागतो हे सर्वांना ठाऊक राहील. आणि कोणाला संघ सोडायचाच असेल तर त्याने सोडावा. मात्र निरोप घेताना करारातला एकही शब्द विकू नये.

कर्कोटाला मिठागरांवर काम मिळाले. तो गोंदाजी-भिवाजींच्या शेजारी राहिला आणि त्यांची भांडणे ऐकत सुखाने म्हातारा झाला.

त्या दुपारी शंभर गाड्या आठ दिशांना गेल्या. त्या पोहोचल्या त्या दिवशी नऊ राज्यांत कोणी अळणी जेवले नाही. ज्यांच्या दारात अजून निवडुंग उभा आहे, परमेश्वर त्यांचाही असाच उतरवो.