चारशे बारा जणांच्या कानावर

चूक नानांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट सांगून झाली की लोक नथूला हसतात आणि घरी जाताना नानांच्या पाया पडून जातात.

गावाचं नाव आंबेवडगाव. तिथे नथू नावाचा एक भोळा राहायचा. भोळा म्हणजे कसा, तर त्याला जे सांगाल ते तो करायचा. एवढाच त्याचा दोष. त्याचे चुलते नाना हे गावचे उपसरपंच. त्यांनी जन्मात एक गोष्ट सरळ शब्दांत सांगितली नव्हती. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटतं, सरळ बोललं की वय कमी दिसतं.

नथूचा आवाज मात्र खणखणीत होता. म्हणून पंचायतीने त्याला माइकवर बसवलं. पंचायतीच्या छतावर कर्णा, खाली खोलीत माइक. पाणी कधी सुटणार, रेशन कधी येणार, ते नथूने खाली बोलायचं आणि वरच्या कर्ण्यातून गावाने ऐकायचं. नोकरी सध्या कच्ची होती. मार्च संपायच्या आत ग्रामसभेने ठराव केला तर पक्की, नाही केला तर जागाच रद्द.

नथूची आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. ती म्हणायची, "तुझा ठराव झाला की मी खुरपं वळचणीला खोचणार."

नथूने वळचणीत जागा बघून ठेवली होती. तिथलं कोळ्याचं जाळंही काढलं होतं.

फेब्रुवारीत जुना माइक मेला. पंचायतीने दोन हजार दिले. त्यात माइक बसवायचा आणि हेडफोनही, कारण खोलीत बसून बोलणाऱ्याला बाहेर काय ऐकू जातंय ते कळत नाही. नानांनी तीस वर्षांपूर्वी लग्नांत कर्णे भाड्याने दिले होते. त्यामुळे यातलं सगळं त्यांना कळतं, असं ठरलेलंच होतं.

"पैसे थोडे आहेत," नाना म्हणाले. "डोळे झाकून घेऊ नकोस. वाजवून घे."

"वाजवून घेतो," नथू म्हणाला.

तो डोळे उघडे ठेवून तालुक्याला गेला. एसटीत धूळ आली तरी मिटले नाहीत.

दुकानात आसिफ नावाचा बावीस वर्षांचा मुलगा होता. तो म्हणाला, "भाऊ, कमी पैशांत हेडफोन घ्यायचा तर आधी वायर बघा. वायर सुटी निघते तो घ्या, म्हणजे तुटली तर नुसती वायर बदलता येते. मग कानाची गादी बदलता येते का बघा. रंग सगळ्यात शेवटी."

या गोष्टीत सरळ बोलणारा हा एकच माणूस. त्याचं तेव्हा कुणी ऐकलं नाही.

नथूने एक हेडफोन हातात घेतला, बोटं मुडपली आणि मडक्यावर मारतात तशी त्यावर टिचकी मारली.

"बद्द वाजतोय," नथू म्हणाला. "चिरलाय कुठंतरी."

दुसरा घेतला. तोही बद्द. तिसरा बद्द. सहाव्यावर त्याने जरा जोरात मारली. आतून कट् असा आवाज आला.

"हा वाजला."

"तो तुटला, भाऊ."

"पण वाजला."

नथू तोच घेऊन आला. हेडफोनचा डावा कान गेला होता. उजवा चालत होता.

नानांनी कपाळाला हात लावला. "अरे, मडकं आहे का ते? असल्या वस्तू कानाला लावून बघायच्या. बोलेल ती घ्यायची, मुकी राहील ती ठेवून द्यायची."

माइक आणायचा राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी नथू परत गेला. आसिफने पाच माइक मांडले. नथूने पहिला कानाला लावला.

"मुका आहे."

दुसरा लावला. "हापण मुका."

"भाऊ, हा माइक आहे. माइक ऐकतो. बोलत नाही."

"मग काय कामाचा. आम्हाला बोलणारा पाहिजे."

पाचही मुके निघाले. शेवटी नथूने दुरुस्तीच्या डब्यातला एक जुना माइक उचलून कानाशी हलवला. आत स्क्रू ढिला होता. माइक खुळखुळला.

"हा बोलतो," नथू म्हणाला आणि पैसे काढले.

आसिफने पैसे निम्मेच घेतले आणि देण्याआधी स्क्रू आवळला. नथूला वाईट वाटलं, कारण माइक गप्प झाला. पण माइक चांगला होता.

संध्याकाळी नथूने तो कानाला लावून पाणी सुटल्याचं सांगितलं. गावाला फक्त खसखस ऐकू आली. नाना धावत आले.

"अरे, तोंडासमोर धर. तोंडापासून चार बोटं. बोलायचं ते चार बोटांवरून, हे कायमचं ध्यानात ठेव."

"कायमचं ठेवतो."

त्याच रविवारी नानांचे व्याही आले. ओसरीवर पाय लांब करून बसले. नाना म्हणाले, "नथ्या, व्याह्यांना सांग, पानं घेतली आहेत."

नथू व्याह्यांकडे गेला. स्वतःच्या ओठांसमोर चार बोटं आडवी धरली, पुढे वाकला, आणि बोटं व्याह्यांच्या मिशीला टेकल्यावर म्हणाला, "पानं घेतली आहेत."

व्याही मागे सरकले. अंतर आठ बोटं झालं. नथू पुढे सरकला. व्याही उठले. नथू उठला. व्याही अंगणात उतरले, गोठ्यात शिरले, म्हशीला वळसा घालून बाहेर आले. नथू चार बोटांवर होता.

"आमटी गार होतेय," तो म्हणाला.

व्याही न जेवता गेले. नानांनी दोन दिवस नथूशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोठ्या माणसासमोर कसं उभं राहावं कळत नाही का? लांब राहावं. मान खाली घालावी. हळू बोलावं."

माइक आता नथूच्या लेखी मोठाच होता. त्याच्यामुळे सगळं गाव ऐकत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी नथू खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ उभा राहिला. मान खाली घातली. रेशन आल्याचं हळूच सांगितलं. माइकने ऐकलं नाही, कर्ण्याने सांगितलं नाही, गावाने रेशन आणलं नाही.

"त्या माइकला कसला मान देतोस?" नाना म्हणाले. "घरचाच समज. पोटच्या पोरासारखा जप त्याला."

इथे नानांनी जीभ आवरली असती तर पुढचं टळलं असतं. पण त्यांना स्वतःचं वाक्य आवडलं. ते दोनदा म्हणाले.

नथूची बहीण वेणूताई बाळंतपणाला आलेली होती आणि अजून माहेरीच होती. पोटचं पोर कसं जपतात ते नथू रोज बघत होता. त्याने माइकची आधी टाळू भरली. म्हणजे जाळीत तेल ओतून बोटाने जिरवलं. मग अंगाला चोळलं, वायरीचे पाय हलक्या हाताने ओढले. मग कोमट पाण्याने न्हाऊ घातलं. ओव्याची धुरी दिली. काजळाची तीट लावली. दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि थोपटलं.

सकाळी माइक गुळण्या केल्यासारखा बोलायला लागला आणि मग बोलायचा थांबला.

आसिफने तो उघडला, आतलं तेल पुसलं, दोन दिवस वाळवला, जाळी बदलली. म्हणाला, "भाऊ, कोरड्या फडक्याने पुसायचा आणि वायर सैल गुंडाळून ठेवायची. बाकी काही करायचं नाही."

नानांना हे आवडलं नाही. "कालचं पोरगं ते. त्याला काय कळतं. नथ्या, मी सांगतो ते ऐक. ओलं झालं की पुसत बसायचं नाही. तेल नाही, पाणी नाही. सरळ तांदळात पुरायचं आणि हात लावायचा नाही. दोन दिवसांनी बाहेर काढायचं."

"ओलं झालं की तांदळात," नथू म्हणाला.

दुपारी वेणूताई विहिरीवर गेली. जाताना म्हणाली, "नथू, बाळाकडे बघ."

नथू बाळाकडे बघत बसला. बघता बघता बाळ ओलं झालं.

वेणूताई परत आली तेव्हा पाळणा रिकामा होता. नथू तांदळाच्या पिंपाशेजारी बसला होता. पिंपात बाळ छातीपर्यंत तांदळात उभं होतं आणि मुठीने तांदूळ उडवत होतं. रडत नव्हतं.

"नथू, हे काय केलंस?"

"ओलं झालं होतं. दोन दिवसांनी काढू."

वेणूताईने बाळ काढलं, नथूला एक ठेवून दिली आणि नानांकडे गेली. ते तांदूळ आठवड्याने नानांकडच्या पूजेला गेले. भात मऊ झाला, असं सगळ्यांचं मत पडलं.

नाना आता फार रागावले होते. त्यांनी नथूला पंचायतीच्या खोलीत उभं केलं.

"तू स्वतःच्या डोक्याने काही करूच नकोस. मी सांगेन तेवढंच करायचं. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. कळलं?"

"कळलं."

आणि खरंच त्यानंतर पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. नाना कागदावर लिहून द्यायचे, नथू चार बोटांवरून वाचायचा, उजव्या कानाने तपासायचा. माइक कोरडा होता. आवाज पार नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत जात होता. आई शेतात खुरपताना मान वर करून ऐकायची आणि शेजारच्या बायकांना गप्प बसवायची.

मार्च संपत आला. ग्रामसभा ठरली. विषय तीन होते. गटार, स्मशानभूमीचं कुंपण आणि नथू. सभेला शंभर डोकी लागत होती.

आदल्या दिवशी सकाळी नाना घाईत होते. कागद हाताशी नव्हता. चप्पल घालता घालता म्हणाले, "नथ्या, उद्या दहाला सभा. लोकांच्या कानावर घाल. घरोघर सगळ्यांच्या. एकही कान सुटता कामा नये."

"सगळ्यांच्या कानावर घालतो."

नथूने टेबलाकडे बघितलं. माइक होता आणि हेडफोन होता. यातलं कानावर काय घालतात ते त्याला आता पक्कं माहीत होतं.

त्याने हेडफोन उचलला, आसिफने सांगितल्याप्रमाणे वायर सैल गुंडाळली, माइक कोरड्या फडक्याने पुसून जागेवर ठेवला आणि निघाला.

पहिलं घर सुताराचं. सुतार रंधा मारत होता. नथूने त्याच्या कानावर हेडफोन घातला. थोडं थांबला. काढला.

"काय रे हे?" सुताराने विचारलं.

"नानांनी सांगितलंय. सगळ्यांच्या कानावर घाल म्हणून."

"मग?"

"घातलं."

पुढे दुकानदार. पुढे पिठाची गिरणी. गिरणीवरच्या बायका रांगेत होत्या, ते बरं पडलं. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी ओट्यावर होते. त्यांनी हेडफोन घालून पुष्कळ वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "यात काही ऐकू येत नाही."

"ऐकायचं कुठं सांगितलंय, गुरुजी?"

"मग कशासाठी हे?"

"जास्तीचं बोलायचं नाही, असं आहे."

गुरुजींनी मान डोलावली. सरकारी काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं. चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी, पण पुढचा प्रश्न विचारला नाही. कुणीच विचारला नाही. नानांनी सांगितलंय म्हटल्यावर गाव कान पुढे करत होतं.

ठार बहिरे दगडूअण्णा होते, त्यांच्याही कानावर घातलं. त्यांनी आशीर्वाद दिला. म्हशींचं काय, असा प्रश्न नथूला एकदा पडला. पण नाना लोकांच्या म्हणाले होते.

दिवे लागायच्या वेळी तो घरी आला. आई चुलीपुढे होती. नथूने तिच्याही कानावर घातलं. तिला वाटलं, पोराने आपल्यासाठी काहीतरी आणलंय. तिने तो तसाच ठेवून दोन भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला मंडपात सात माणसं होती. त्यातले तीन मंडपवाले.

साडेदहा झाले. अकरा झाले. ग्रामसेवक घड्याळ बघत होते. नानांनी नथूला बोलावलं.

"लोकांच्या कानावर घातलं होतंस ना?"

"घातलं, नाना. चारशे बारा जणांच्या. एकही कान सुटला नाही."

"मग माणसं कुठायत?"

"घरी आहेत."

"सभेचं सांगितलंस ना त्यांना?"

"नाही. सांगायला तुम्ही सांगितलं नव्हतं."

नथूने खिशात हात घातला.

"एक राहिलंय, नाना," तो म्हणाला. त्याने हेडफोन काढला, नानांची टोपी जरा मागे सरकवली आणि त्यांच्या कानांवर नीट बसवला. चालू असलेली बाजू उजव्या कानाला येईल, असा.

"चारशे तेरा," नथू म्हणाला.

ग्रामसेवकांनी वहीत लिहिलं, सभासद पुरेसे नाहीत, सभा तहकूब. पाच दिवसांनी मार्च संपला. जागा रद्द झाली. नाना अजून उपसरपंच आहेत. नथूची नोकरी गेली, आणि आई अजून खुरपायला जाते.