वरून पाहिलेली भाकरी

"मग कॅमेरा धरायचा तरी कुठून, वस्ताद?"

तिसऱ्यांदा विचारताना यशोधनचा आवाज चढलाच.

मिरजेत हसनभाई मुल्लाणींच्या मागच्या पडवीत चूल पेटली होती. पदार्थांचे फोटो काढण्यात हसनभाईंची हयात गेलेली. आता ते भाकरी थापत होते आणि समोर स्टुलावर उभा राहून पुण्याचा यशोधन देशमाने त्यांच्याशी हुज्जत घालत होता.

यशोधन सगळं काही थेट वरून टिपायचा. त्यात त्याचा हात कुणी धरत नसे, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत असे.

भाकरीने मात्र त्याला पुरतं जेरीस आणलं होतं. पाककृतींच्या एका जाडजूड पुस्तकाचं मुखपृष्ठ त्याला मिळालं होतं, आयुष्यातलं पहिलं. सगळ्या नातेवाइकांना सांगूनही झालं होतं. आणि प्रकाशकबाईंनी फोटो दोनदा परत पाठवला. "भूक लागत नाही," एवढंच लिहून. आज संध्याकाळपर्यंत तिसरा गेला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

"ताट बदललं, उजेड बदलला, शेजारी ठेचा ठेवला, कांदा फोडून ठेवला. आता काय स्वतः बसू ताटात?"

"नगं. मावनार न्हाईस."

हसनभाईंनी दोन भाकऱ्या तव्यावर भाजून घेतल्या. एकीच्या कडेला मुद्दाम नख लावलं, म्हणजे ती फुगणार नव्हती. यशोधनला पाठ करून उभं राहायला सांगितलं. मग दोन्ही निखाऱ्यावर शेकल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

"हं, वळ. कॅमेऱ्यातनं बघ. यातली फुगल्याली कंची?"

यशोधनने डोळा लावला. दोन गोल. दोन्हींवर सारखेच तपकिरी डाग...

"उजवीकडची."

हसनभाईंनी उजवीकडच्या भाकरीवर बोट टेकवलं. ती सपाट होती, पाटासारखी. डावीकडच्या भाकरीवर टेकवलं, तशी फुस्स करून वाफ निघाली.

यशोधनचे कान गरम झाले. इतकी वर्षं आपण काय काढत होतो, या विचाराने त्याला खरंच लाज वाटली.

"म्हणजे... कुठून?"

हसनभाईंनी पुढची भाकरी निखाऱ्याला लावली आणि चिमट्याने जमीन दाखवली.

तिथे राख सांडली होती. यशोधनने आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. मग राखेकडे...

तो खाली उतरला आणि सपशेल पालथा पडला. गाल सारवणाला लागला.

आणि त्याला भाकरी दिसली. कडेपासून हळूच उचलली जाणारी, टम्म होत जाणारी, पापुद्रा ताणून ताणून पार जाळाचा उजेड आरपार दिसेपर्यंत फुगलेली. एका बारीक भोकातून वाफेची धार सुटली, आणि त्याच क्षणी त्याने बटण दाबलं.

"मिळाली! वस्ताद, मिळाली!"

फोटो तिथूनच पाठवला. दहा मिनिटं तो पडवीत येरझाऱ्या घालत होता. मग उत्तर आलं: "मुखपृष्ठ पक्कं. दुपारचे चार वाजलेत आणि ऑफिसात सगळे डबे शोधताहेत."

यशोधनने अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या बाई कुंपणापाशी धावत आल्या. राखेने माखलेल्या सदऱ्यासकट त्याने हसनभाईंना मिठी मारली.

"कळलं मला, वस्ताद! वरून बघायचं ते दिवस संपले. आता काहीही असो, जमिनीला गाल लावूनच काढणार. खरा कोन एकच!"

हसनभाईंनी हाताचं पीठ झटकलं.

"बेस. उद्या खोल वाटीत आमटी वाढतो. ती बी असाच पालथा पडून काढ."