दारावरची डहाळी

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे एक तरुण शुश्रूषा शिकायला आला. विद्यालय खासगी होते, लागूनच लहान मुलांचे रुग्णालय होते, आणि एक नियम फार कडक होता. गोवराची लस टोचून घेतल्यावाचून कोणी तिथे राहायचे नाही.

तरुणाने पिशवीतून एक कागद काढला आणि आचार्यांपुढे जवळजवळ आपटलाच. याला लस टोचू नये, असे लिहून त्याखाली गावच्या भगताने अंगठा उठवला होता.

“आमच्यात गोवर म्हणजे देवी, गुरुजी. तिच्या कामात आम्ही सुई घालत नाही. नाव काढायचं तर आत्ताच काढा!”

दोन महिन्यांपूर्वी त्याची थोरली बहीण वेणू गोवरानेच गेली होती. आजाऱ्यांची सेवा शिकेन, असे वचन त्याने तिच्या चितेपाशी दिले होते. आणि आईने देवीपुढे पदर पसरून शब्द दिला होता, की उरलेल्या लेकराला सुई लागू देणार नाही. आता शिकावे तर आईचा शब्द मोडायचा, न शिकावे तर ताईला दिलेले वचन.

आचार्यांनी कागद वाचला, नीट घडी घालून परत दिला. “विद्यालयाबाहेरच्या बागेतली खोली घे. पाठ खिडकीबाहेरून ऐक. मुलांच्या खाटांपाशी मात्र जायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले आणि त्याच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधून गेले. स्वयंपाकीणबाईंना त्यांनी सांगितले, “माझ्या वरणाला फोडणी नको.” देवी आलेल्या घरात पाळतात, तसे. मग हे रोजचेच झाले.

इतर विद्यार्थ्यांना फावलेच. “काय पाव्हणं, देवी मुक्कामाला वाटतं? ओटी भरायला येऊ का?”

चौथ्या दिवशी त्याने डहाळी ओरबाडली आणि आचार्यांच्या पायांशी फेकली. “मला काय झालंय? धडधाकट माणसाच्या दाराला लिंब बांधता? माझ्या देवीची थट्टा करता?”

आचार्य कष्टाने वाकले. डहाळी उचलून त्यांनी पानांवरची माती झटकली.

“थट्टा नाही रे. ताईच्या वेळी डहाळी कोणी बांधली होती?”

“मीच.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

तो आठवू लागला. आई तेव्हा रडत होती, भगत यायचा होता. सांगितले होते वेणूनेच, तापाने फणफणत असताना. “डहाळी लावलीस का रे? शेजारच्या अंजनीचं बाळ रांगत येतं आपल्याकडं. उंबऱ्यातच उचल त्याला.” दोनदा विचारले होते तिने. हे सांगता सांगता तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आचार्य त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

मग ते म्हणाले, “बाळ, देवीचा मान तुझ्या ताईला कळला होता. आपलं दुखणं दुसऱ्याच्या लेकरापर्यंत जाऊ द्यायचं नाही, हीच तिची पूजा. पण डहाळी लागते अंगावर पुरळ उठल्यावर. तोवर गोवर चार दिवस आधीच शेजारी फिरून आलेला असतो. लस म्हणजे वेळेआधी बांधलेली डहाळी. तरी मी बळजबरी करणार नाही. मी आहे तोवर तुझ्या दाराला रोज बांधीन.”

“आणि आईचा शब्द?”

“तो तिनं दिलाय. सोडवायचा तर तिलाच विचार.”

त्याने त्याच दुपारी वेड्यावाकड्या अक्षरांत पत्र लिहिले. त्यात गुरुजींचे लसीबद्दलचे म्हणणे सांगून शेवटी विचारले, “आई, ताईने सांगितलेली डहाळी मी अंगावर लावून घेऊ का?”

दहाव्या दिवशी उत्तर आले. आईला लिहिता येत नव्हते. अक्षर शेजारच्या अंजनीचे होते.

“लाव बाळा. देवीपुढं बसून मी तिच्याशी बोलले. अंजनीचं बाळ चालायला लागलंय.”

तरुणाने पत्र खिशात ठेवले, बाही वर केली आणि रुग्णालयाच्या पायऱ्या चढला.

त्या दिवशी आचार्यांच्या वरणाला फोडणी पडली.