मिस सुरंगाची उजवी बाही

माळशेंद्र्याच्या शिंपी गल्लीत बावीस मशिनं आहेत आणि चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी बावीसच्या बावीस झाकलेली असतात. त्या दिवशी गावात कुणी सुईत दोरा ओवत नाही. पाहुण्याचा सदरा पाळण्यात अडकून फाटला, तर त्यानं तो तसाच मिरवावा. दुपार कलली की माळावर गाणी होतात. गाणारी पुण्याची असो नाहीतर टीव्हीवरची, ती एकाच बाहीच्या झग्यात उभी राहते. डावी बाही मनगटापर्यंत, टिकल्यांनी मढलेली. उजवा हात खांद्यापासून उघडा. कॉलेजच्या पोरी त्याला 'सुरंगा कट' म्हणतात आणि हौसेनं शिवून घेतात.

शेंद्राईच्या देवळासमोर जत्रा कमिटीनं याची पाटी लावली आहे. मिस सुरंगा या गायिकेची बाही म्हणे देवीच्या इच्छेनं गळून पडली, ती शिवायला घेतलेल्या सात सुया म्हणे आपोआप मोडल्या. म्हणून गाभाऱ्यात चांदीच्या सात सुया ठेवल्या आहेत. गुरव डोळे मिटून हीच कथा सांगतो. आपोआप मोडल्या म्हणे! ती पाटी वाचून गल्लीत आलेल्या पाहुण्याला तिथली म्हातारी माणसं आधी पायरीवर बसवतात, पाणी देतात आणि मग तावातावानं खरं काय ते सांगतात. ते असं.

खेडोपाडी नुकते ट्रान्झिस्टर पोचले होते, तेव्हाची गोष्ट. मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्याची मुलगी सुरंगा गिटार आणि बोंगोच्या साथीवर मराठी गाणी म्हणायची. तिचं गाणं लागलं की गिरणीवाला पट्टा थांबवून ऐकायचा. तिला जत्रेत आणायचं ठरलं, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष दौलतराव यांनी अट घातली, की देवीसमोर बाईचे हात उघडे दिसता कामा नयेत, बाह्या मनगटापर्यंत हव्यात. सुरंगानं अट मान्य केली. फक्त म्हणाली, मग झगा तुमच्याच गावात शिवून घेते.

ते काम अनसाक्का पोरे हिच्याकडे आलं. नवरा गेल्यावर त्याचं मशीन तिनं स्वतः चालवायला घेतलं होतं. देवीचं निशाण शिवण्याचा मान तिच्या घराचा होता. त्या मानामुळं गल्लीत तिचा शब्द चाले आणि एकट्या बाईकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होत नसे. तो मान गेला असता, तर तिच्यापाशी एक जुनं मशीन तेवढं उरलं असतं.

पंधरा दिवस ती झग्याच्या कामावर बसली होती, असं सांगतात. राणी रंगाचं साटीन, त्यावर एकेक टिकली हातानं टाचलेली. जन्मभर पोलकी आणि चड्ड्या शिवलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं, "अक्का, तुमच्या मनासारखं करा." खांद्याला तिनं दुहेरी शिवण घातली, कारण गाणाऱ्या बाईचा हात वर जाणार.

जत्रेच्या दिवशी माळ माणसांनी फुलला होता. मंचामागं कनातीत सुरंगा तयार होऊन बसली होती. तिथं दौलतरावांचा पुतण्या जयवंत शिरला. कशाला शिरला, हे सांगायची गरज नाही. त्यानं दंड धरला, तिनं हिसडा दिला आणि उजवी बाही खांद्यापासून त्याच्या मुठीत आली. गोऱ्या दंडावर चार नखांचे ओरखडे उठले. तिनं त्याच्या एक थोबाडीत दिली म्हणतात. कुणी म्हणतात दोन. दोन असोत.

दौलतराव धावत आले. पुतण्याला त्यांनी चकार शब्दानं विचारलं नाही. त्याला मागच्या बाजूनं बाहेर काढला, स्वतः मंचावर गेले आणि हसत हसत लाऊडस्पीकरवर सांगितलं, "मंडळी, शिंपिणीची शिवण कच्ची निघाली. बाही उसवली. दोन मिनिटं कळ काढा." सगळा माळ हसला. अनसाक्का पुढंच बायकांत बसली होती. शेजारणींनी तिच्याकडं वळून पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बोलावणं आलं, तशी ती सुयांची पुरचुंडी घेऊन कनातीत गेली.

तिनं बाही हातात घेतली, उलटी करून पाहिली. टाके जिथल्या तिथं होते. शिवणीच्या शेजारी कापड तिरपं फाटत गेलं होतं.

"आण्णा, ही उसवल्याली न्हाई," ती दौलतरावांना म्हणाली. "शिवण जाग्याव हाय. कापड फाटलंय. वढल्याबिगर असं फाटत न्हाई."

"तेच की ते. पोरगं हाय, लागला आसंल हात. टाका दोन टाकं आन व्हा मोकळ्या."

आणि तिनं सुई ओवली. गल्लीतली माणसं हे लपवत नाहीत, लपवूही नये. तिच्या हाताला ती सवयच होती. वीस वर्षं गावातल्या बायका फाटकी पोलकी पदराखाली लपवून तिच्याकडं येत होत्या. कुणाचा खांदा फाटलेला, कुणाची हुकांची पट्टीच निघालेली. "दाराच्या कडीत अडकलं अक्का," असं त्या म्हणायच्या. कुठल्या घरच्या कडीला असं ओढता येतं, हे अनसाक्काला पुरतं ठाऊक होतं. पण ती मान वर करत नसे. त्याच रंगाचा दोरा शोधून असं बेमालूम शिवून द्यायची, की फाटलं होतं हे कुणाला सांगूनसुद्धा पटू नये. आपल्या या कसबाचा तिला अभिमान होता.

तिनं बाही सुरंगाच्या खांद्याला लावली. ते चार ओरखडे बरोबर बाहीखाली झाकले गेले. तिनं बाही बाजूला केली, पुन्हा ओरखडे दिसले. तिचा हात तिथंच थांबला. दौलतरावांचा राग तर आलाच होता, पण त्याच्या दसपट राग तिला स्वतःचा आला. वीस वर्षं आपण कपडे शिवत नव्हतो, गावातल्या पुरुषांची पापं झाकत होतो, आणि तेही सुबक!

बाजूला सामानाची लोखंडी पेटी होती. तिच्या काठावर अनसाक्कानं सुई दाबली आणि मोडली. "मोडली," ती म्हणाली.

"दुसरी घ्या," दौलतराव म्हणाले. तिनं दुसरी घेतली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मोडली. मग तिसरी. बाहेर माणसं शिट्ट्या मारत होती. सहावी मोडल्यावर दौलतराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अनसाक्का, निशाणाचा मान कुणाच्या हातात हाय, तेवढं ध्येनात ठेवा."

"तुमचं निशाण तुमी शिवा आता," ती म्हणाली आणि तिनं सातवी मोडली.

दौलतरावांनी गल्लीत माणूस पिटाळला. एकही शिंपी आला नाही. त्यात फार मोठी मर्दुमकी होती असं नाही. अर्ध्यांना अनसाक्काच्या तोंडाची भीती होती, आणि उरलेले शिंप्याची शिवण भर माळावर कच्ची ठरवली म्हणून खवळले होते. पण त्यांनी मशिनं झाकली, हे खरं.

सुरंगा तशीच मंचावर गेली. उजवा हात उघडा, त्यावर ओरखडे. ती लाऊडस्पीकरवर म्हणाली, "शिवण पक्की होती. अक्कांचा एक टाका हललेला नाही. कापड फाडलंय, आणि कुणी फाडलंय ते तुमच्या अध्यक्षांना माहीत आहे." मग तिनं उजवा हात वर केला आणि गायला लागली. त्या दिवशीसारखं ती पुन्हा कधी गायली नाही म्हणतात. पुढं जन्मभर तिनं उजवी बाही चढवली नाही. मुंबईचे पेपरवाले विचारत, तेव्हा ती कारण सांगे, आणि ते छापत की सुरंगाची नवी फॅशन.

गावानं तर त्याहून कमाल केली. दौलतरावांनी आधी उठवलं, की गाणाऱ्या बाईवर देवीचा कोप झाला म्हणून सुया मोडल्या. सुरंगाचं नाव झाल्यावर तोच कोप कृपा झाला. पुतण्याचं नाव दोन्हीत नव्हतं. अनसाक्काचा मान त्याच वर्षी काढून घेतला, तो तिच्या घराला परत कधी मिळाला नाही. ती शेवटपर्यंत भांडली. "म्या मोडल्या! ह्या हातानं मोडल्या!" असं ती देवळाच्या पायरीवर उभी राहून ओरडायची, आणि येणारेजाणारे तिच्या पाया पडायचे. देवीच तुमच्या हातात आली होती अक्का, असं म्हणायचे. देवीनं केलं म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही. बाईनं केलं म्हटलं की ते का केलं, हे विचारावं लागतं. म्हणून चांदीच्या सुया घडल्या.

आजही जत्रेत गाणं संपलं की कमिटीचे अध्यक्ष मंचावर येऊन गायिकेला शाल पांघरवतात. ती नेमकी उजव्या, उघड्या खांद्यावर टाकतात. गेली अठरा वर्षं अध्यक्ष तेच जयवंतराव आहेत.

पण ते वर्षातून एका दिवसाचं. अनसाक्कानं मागं ठेवलेली रीत रोजची आहे आणि ती कुठल्याही पाटीवर नाही. तिच्या मशीनवर आता तिची सून बसते. आजही कुणी बाई पदराखाली पोलकं लपवून आली, तर ती मान वर करून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारते, "उसवलं का फाडलं?" उसवलं असेल तर लगेच शिवून देते. फाडलं असेल तर म्हणते, "कुणी फाडलं, नाव सांग." आणि नाव ऐकल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही.